विद्यार्थ्यांबरोबर बार्सिलोना



परदेशच्या शहरावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची प्रवासवर्णनाची अपेक्षा असते. तेथील हवा, खाणेपिणे, लोकांचे स्वभाव, आणि शेवटी 'आपल्याकडे मात्र' असा एक उसासा. आजचे व्याख्यान त्या जातीचे नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. मी नगररचना शिकवणारा एक मास्तर आहे. २०२४ सालच्या फेब्रुवारीत आमच्या अठरा विद्यार्थ्यांना घेऊन मी स्पेनमधील बार्सिलोना या शहरी बारा दिवस होतो. त्या मुलामुलींनी तेथे काय पाहिले, कसे पाहिले आणि त्यावरून कोणता वाद घातला, एवढेच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. नगररचना हा इंजिनिअरांचा आणि कचेऱ्यांचा विषय आहे, अशी आपली समजूत असते. ती खरी असती तर मी आज येथे उभाच राहिलो नसतो.

नकाशे तर येथे बसूनही पाहता येतात. मग मुलांना एवढे दूर न्यावयाचे कशाला? याचे उत्तर एका थोर माणसाने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि तो माणूस आपल्या मुंबईतच शिकवीत होता. पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये ते आपले नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात आले, अनेक शहरे त्यांनी पालथी घातली, आणि १९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते. आपले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्याच हाताखाली शिकले. गेडिस यांचे सांगणे असे की, वैद्य नाडी न पाहता औषध देत नाही. तसे शहर पायी हिंडून पाहिल्याखेरीज त्याचा आराखडा करू नये. आधी पाहणी, मग निदान, मग उपाय.

तोच मार्ग आम्ही धरला. तिघातिघांच्या सहा तुकड्या केल्या. प्रत्येकीला एकेक मोहल्ला, एक मोजपट्टी आणि एक वही दिली, आणि तीन प्रश्न नेमून दिले. ही जमीन पूर्वी कोणाची होती? येथे काय व्हावे हे कोणी ठरवले? आणि त्याचा लाभ कोणाला व भार कोणावर? गाउदीची प्रसिद्ध घरे पाहण्याची मुलांना उत्सुकता होती, ती मी शेवटच्या दिवसावर ढकलली.

तटाच्या आतले शहर

बार्सिलोना हे भूमध्य समुद्राच्या काठचे प्राचीन बंदर. पाठीशी डोंगर, दोन्ही अंगांना दोन नद्या, आणि मधल्या सपाटीवर शहर. रोमन लोकांनी वसवलेल्या गावाचे नाव बार्सिनो. त्यांच्या देवळाचे चार उंच खांब आजही जुन्या वस्तीतील एका इमारतीच्या अंगणात उभे आहेत. अरुंद बोळातून आत शिरावे आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब समोर यावेत, असा प्रकार आहे. त्या रोमन गावाभोवती मध्ययुगीन शहर वाढले आणि त्याला तट पडला.

१७१४ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर हे शहर स्पेनचा राजा पाचवा फिलिप याच्या सैन्याच्या हाती पडले. राजाचा या शहरावर विश्वास नव्हता. त्याने रिबेरा नावाच्या वस्तीचा मोठा भाग पाडून तेथे एक प्रचंड गढी बांधविली. गढीच्या तोफा शत्रूपेक्षा शहरावरच अधिक रोखलेल्या होत्या. तटाच्या बाहेर, तोफेच्या टप्प्यात, कोणीही पक्के घर बांधावयाचे नाही असा नियम होता. परिणाम असा झाला की पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे बाहेर मोकळे मैदान पडून राहिले आणि आत माणसे दाटत गेली. कापडाच्या गिरण्या आल्या, त्याही तटाच्या आत. रस्त्यावर कमानी घालून त्यांवर खोल्या चढवल्या, मजल्यावर मजले आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शहरात दीड लाखाहून अधिक माणसे होती, आणि दर हेक्टरी म्हणजे अडीच एकरांत आठशेहून अधिक जीव राहत होते. १८५४ मध्ये पटकीची साथ आली. त्याच वर्षी तट पाडण्याची परवानगी मिळाली, आणि लोक आनंदाने तट फोडू लागले.

येथे मुंबईची आठवण होणे साहजिक आहे. मुंबईच्या कोटाचे तटही त्याच सुमारास, १८६० नंतरच्या वर्षांत, बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पडले. पण मुंबईत तटाच्या जागेवर दिमाखदार इमारती उभ्या राहिल्या, आणि गिरणगावची माणसे कशी राहतात या प्रश्नाकडे सरकारने खऱ्या अर्थाने पाहिले ते १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढून. बार्सिलोनात तो प्रश्न तट पडता पडताच एका माणसाने विचारला.

सेर्दा

त्या माणसाचे नाव इल्देफोन्स सेर्दा. जन्म १८१५. रस्ते, कालवे आणि बंदरे बांधणाऱ्या सरकारी खात्यात इंजिनिअर. भाऊ वारल्यामुळे घराण्याची इस्टेट त्याच्याकडे आली, तेव्हा १८४९ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य व पैसा एकाच विषयावर खर्च केला : माणसांनी शहरात राहावे कसे? आज जगभर 'अर्बनायझेशन' हा शब्द चालतो. तो स्पॅनिश रूपात शास्त्रीय परिभाषा म्हणून रूढ केला तो सेर्दानेच, १८६७ च्या आपल्या ग्रंथात.

त्याने प्रथम काय केले ते ऐकण्यासारखे आहे. त्याने सुंदर चित्र काढले नाही. १८५५ मध्ये तटाबाहेरच्या सगळ्या मैदानाची मोजणी केली, आणि १८५६ मध्ये कामगारांच्या संसाराचा हिशेब मांडला : मजुरी किती, भाडे किती, भाकरीला किती लागते, खोलीत हवा किती. त्याच्या हिशेबाप्रमाणे या शहरातील सधन माणसाचे सरासरी आयुष्य ३६ वर्षांचे आणि गरिबाचे २३ वर्षांचे निघाले. एकाच तटाच्या आत, एकाच हवेत, तेरा वर्षांचा फरक! नगररचना म्हणजे शहराची शोभा नव्हे, तो आयुष्याच्या वर्षांचा हिशेब आहे, हे मी मुलांना वर्गात दहा वेळा सांगितले होते. ते पटले मात्र जुन्या वस्तीतल्या काही गल्ल्यांत, जेथे दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात.

१८५९ मध्ये सेर्दाचा आराखडा माद्रिदच्या सरकारने मंजूर केला. बार्सिलोनाच्या नगरपालिकेला ते रुचले नाही. तिने त्याच वर्षी स्वतःची स्पर्धा भरवली आणि आंतोनी रोविरा इ त्रियास या वास्तुशिल्पज्ञाला पहिले पारितोषिक दिले. त्याच्या आराखड्यात जुने शहर मध्यभागी आणि नवे रस्ते पंख्याच्या पात्यांसारखे पसरलेले होते. पण माद्रिदने आपला निर्णय फिरवला नाही. वरून लादलेली योजना म्हणून स्थानिक मंडळींच्या मनात सेर्दाविषयी जो आकस बसला, तो त्याच्या मृत्यूपर्यंत गेला नाही. १८७६ मध्ये तो जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला. आज ग्रासिया भागातील एका चौकात बाकावर बसलेला रोविराचा पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी त्याचा नामंजूर आराखडा जमिनीत कोरला आहे. हरलेल्याचा असा गोड सन्मान करणारे गाव आहे ते! सान्त आंतोनीची भव्य लोखंडी मंडई, जी १८८२ मध्ये पुरी झाली, ती याच रोविराने बांधली, आणि बांधली ती सेर्दाने आखलेल्या रस्त्यांवर.

मोजपट्टीचा हिशेब

आता हा आराखडा कसा होता ते पाहू. सगळ्या मैदानावर सेर्दाने सारख्या चौकोनांची जाळी टाकली. प्रत्येक चौकोनाची बाजू ११३ मीटरांहून थोडी अधिक, आणि दोन चौकोनांमध्ये २० मीटर रुंदीचा रस्ता. त्या वीस मीटरांपैकी दहा गाड्यांना आणि दोन्ही अंगांचे पाच-पाच पायी चालणाऱ्यांना. १८५९ मध्ये मोटार जन्मालाही आली नव्हती हे ध्यानात घ्या, आणि अर्धा रस्ता पायी माणसाचा हेही ध्यानात घ्या. या विस्ताराला तेथे 'एशाम्प्ला' म्हणतात. त्याचा अर्थच विस्तार.

प्रत्येक चौकोनाचे चारही कोपरे तिरके छाटलेले आहेत. आमच्या एका विद्यार्थिनीने ते मोजले. तिरकी बाजू सुमारे वीस मीटर. म्हणजे एका कोपऱ्याची सुमारे १०० चौरस मीटर जागा सोडली, आणि चार चौकोन जेथे भेटतात तेथे रस्त्यांच्या जागेखेरीज आणखी सुमारे ४०० चौरस मीटर जागा मोकळी झाली. गाडी वळताना समोरचे दिसावे, वळण घेण्यास जागा राहावी हा सेर्दाचा हेतू. आज त्या छाटलेल्या कोपऱ्यांवर मालाचे टेंपो उभे राहतात, कॉफीची टेबले मांडलेली असतात, म्हातारी माणसे बाकांवर बसतात. तिने पुढे हिशेब केला : अशी जाळी टाकली की शेकडा तीस जमीन रस्त्याला जाते, सत्तर घरांना राहते. मालक ओरडले यात नवल नाही. पण सेर्दाने त्याचीही तोड सुचवली होती. वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र कराव्यात, रस्ते काढून घ्यावेत, आणि प्रत्येक मालकाला त्याच्या हिश्शाप्रमाणे नीट आखलेला तुकडा परत द्यावा. जमीन थोडी कमी होते, पण किंमत वाढते. हे ऐकून आपणांपैकी वडीलधाऱ्यांना ओळखीचे वाटेल. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली पार्ले, सांताक्रूझ, पुण्याचे भांबुर्डे येथे ज्या 'टी. पी. स्कीम' झाल्या, त्यांचे तत्त्व हेच.

आणि चौकोनाच्या आत? आपल्या वाड्यात जसा मधोमध चौक असतो, तशी प्रत्येक चौकोनात मधोमध बाग. सेर्दाच्या मूळ योजनेत चौकोनाच्या चारपैकी दोनच बाजूंना घरे होती, उंची सोळा मीटरांच्या आत. बाकी सगळी झाडे आणि ऊन. शाळा, मंडई, दवाखाना यांची वाटणीही सर्व भागांत सारखी. श्रीमंतांचा भाग निराळा आणि कामगारांचा निराळा असे त्याला नको होते.

आतल्या बागा कोठे गेल्या?

आमच्या मुलांनी वाचून ठेवले होते की चौकोनात बाग आहे. पहिल्या दिवशी ती शोधावयास गेली, तर बाग कोठेच नाही! चारही बाजूंना सहा-सहा, आठ-आठ मजल्यांची घरे एकमेकांना चिकटून उभी, आणि आतल्या चौकात गोदामे, छापखान्यांच्या जागा, मोटारी ठेवण्याच्या शेड. बागा गेल्या कोठे?

त्या एकदम गेल्या नाहीत. आधी दोनाच्या तीन बाजू झाल्या, मग चार. मग इमारतींची खोली वाढली. मग उंची वाढली. मग आतल्या अंगणात 'फक्त एक मजली' बांधकामाला परवानगी मिळाली. प्रत्येक वेळी नियम थोडासाच सैल झाला, आणि प्रत्येक वेळी त्याला कारण होते. कोणी एका माणसाने बागा चोरल्या असे दाखवता येत नाही. शंभर वर्षांत त्या झिजून गेल्या.

त्या संध्याकाळी आमच्या मुक्कामी मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणाला, सेर्दा हरला. त्याचा जीव बागांत होता आणि त्याच गेल्या. दुसरा म्हणाला, तसे कसे? रस्ते आजही वीस मीटरांचे आहेत, कोपरे आजही छाटलेले आहेत. दीडशे वर्षांत एवढी युद्धे, एक यादवी, एक हुकूमशाही होऊन गेली, पण रस्ता कोणी गिळला नाही. वाद रंगला असता एका मुलाने एकच प्रश्न विचारला : 'मग रस्ता का टिकला आणि बाग का गेली?'

माझ्या मते त्या बारा दिवसांचे सार या प्रश्नात आहे. त्याचे उत्तर मुलांनीच तीन प्रश्नांच्या वहीतून काढले. रस्त्याची जमीन आरंभीच सार्वजनिक झाली. तिच्यावर पाय पडले, चाके फिरली, घरांची दारे उघडली. तिला रोजचा राबता मिळाला. बागेची जमीन मात्र खाजगी मालकाच्या ताब्यातच राहिली, आणि तिचे रक्षण करावयाला होता तो एक कागदावरचा नियम. ती रस्त्यावरून दिसतही नव्हती. जी वस्तू लोकांच्या ताब्यात नाही आणि लोकांच्या डोळ्यांसमोरही नाही, ती गेली तर हळहळणार कोण?

बार्सेलोनेता

एका तुकडीला समुद्राकाठची बार्सेलोनेता ही वस्ती दिली होती. ती १७५३ मध्ये एका लष्करी इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे कोळी आणि खलाशी लोकांसाठी बांधावयास घेतली. अरुंद सरळ गल्ल्या, आणि तळमजल्यावर एक मजला असलेली छोटी सारखी घरे. प्रत्येक घराला दोन्ही अंगांनी वारा. पुढे गरज वाढली तसे एका घराचे दोन भाग झाले, दोनांचे चार, आणि वर मजले चढले. तेथे 'पाव घर' हा शब्दच रूढ आहे. असे पाव घर जेमतेम तीस-पस्तीस चौरस मीटरांचे. आमची मुले चाळीत वाढलेली नसली तरी चाळ ठाऊक असलेली. गल्लीवर वाळत घातलेले कपडे आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या आजीबाई पाहून त्यांना परके वाटले नाही.

आता या पाव घरांवर वेगळेच संकट आहे. समुद्र जवळ, म्हणून प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने खोल्या देणे मालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा फायद्याचे ठरते. २०१४ च्या उन्हाळ्यात येथील रहिवासी याविरुद्ध रस्त्यावर उतरले. २०२४ मध्ये नगरपालिकेने जाहीर केले की प्रवाशांच्या सुमारे दहा हजार घरांचे परवाने २०२८ अखेरपर्यंत संपवावयाचे, पुढे नूतनीकरण नाही. शहर सुधारले म्हणून पाहुणे आले, आणि पाहुणे आले म्हणून घरच्यांना जागा उरेना. सुधारणेचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा तिसरा प्रश्न येथे मुलांच्या अंगावर आला.

परत मिळवणे

ही हकीकत येथेच संपली असती तर मी मुलांना घेऊन निराश परतलो असतो. पण १९७५ मध्ये हुकूमशहा फ्रँको वारला, आणि १९७९ मध्ये तेथे पुन्हा लोकशाही मार्गाने नगरपालिका निवडून आली. तिच्याजवळ पैसा थोडा होता. मोठ्या योजनांच्या मागे न लागता तिने लहान कामे काढली : येथे एक चौक, तेथे एक मैदान, पडीक गिरणीच्या जागी बाग. १९९२ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने रूळ आणि कारखाने यांनी अडवलेला समुद्रकिनारा लोकांना मोकळा झाला, हे जगाला ठाऊक आहे. परंतु माझ्या दृष्टीने थोर काम निराळेच.

चौकोनांतल्या हरवलेल्या बागा त्यांनी एकेक करून परत मिळवावयास सुरुवात केली. रोजेर दे यूरिया या रस्त्यावर एका दारातून बोळात शिरले की आत जुन्या पाणीपुरवठ्याचा विटांचा मनोरा आणि त्याभोवती बाग लागते. उन्हाळ्यात तेथे उथळ पाणी सोडतात आणि मोहल्ल्यातील पोरे डुंबतात. १९९६ मध्ये यासाठी एक खास संस्थाच स्थापन झाली. उद्दिष्ट ठरले : दर नऊ चौकोनांमागे एक तरी अंगण लोकांना खुले. कोठे जुने गोदाम विकत घेऊन, कोठे नव्या बांधकामाला परवानगी देताना अट घालून, कोठे वर्षानुवर्षे बोलणी करून. जे झिजत गेले ते परत भरावयालाही तितकाच दम लागतो.

पुढचे पाऊल रस्त्याचे. तीन गुणिले तीन असे नऊ चौकोन एकत्र धरावयाचे. बाजू बरोबर चारशे मीटर होते. धावती रहदारी बाहेरून वळवावयाची, आणि आतले रस्ते माणसांना. याला ते 'महाचौकोन' अशा अर्थाचे नाव देतात. २०१६ च्या सप्टेंबरात पोब्लेनोउ या जुन्या कारखान्यांच्या भागात हा प्रयोग झाला. आरंभीच्या दिवसांत तेथील चौकांवर रंग आणि हलके सामान वापरून मांडणी करणारे होते वास्तुविद्येचे विद्यार्थी! रहिवाशांपैकी पुष्कळजण खवळले. न विचारता बस हलवली, गाडी लावावयाची कोठे, दुकानाचे काय, असे त्यांचे म्हणणे. आणि न विचारल्याची तक्रार गैर नव्हती. नंतर झाडे आली, बाके आली, मुलांचे खेळ आले, आणि विरोध बराचसा निवळला. २०२३ मध्ये एशाम्प्लाच्या मधोमध कोन्सेल दे सेन्त हा लांबलचक रस्ता अशाच रीतीने झाडांचा आणि पायी माणसांचा झाला. आम्ही तेथे तासभर बसून मोजदाद केली. मुलांनी वहीत लिहिले : 'काही न करता बसलेली माणसे पुष्कळ.' शहराच्या प्रकृतीचे याहून चांगले लक्षण मला ठाऊक नाही.

हे करणे शक्य झाले ते का? एकशे साठ वर्षांपूर्वी कोणी वीस मीटरांचा रस्ता लोकांच्या नावे करून ठेवला म्हणून. हातात जागा असेल तर पुढची पिढी तिचे काहीही करू शकते. जागाच नसेल तर नुसते पश्चात्ताप करता येतात.

आपल्यापुरते

बार्सिलोनाची नक्कल करा असे मी म्हणणार नाही. गेडिस तर म्हणतील की आपल्या पेठा आणि आळ्या यांची प्रकृती निराळी, त्यांना जपूनच हात लावा. परंतु त्या मुलाचा प्रश्न आपल्या गावालाही लागू आहे.

आपल्या प्रत्येक शहराचा विकास आराखडा असतो. १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तो करावाच लागतो. त्यात बाग, शाळा, मैदान, दवाखाना यांसाठी जमिनी राखून ठेवलेल्या असतात. नकाशावर त्यांना हिरवा, पिवळा रंग असतो आणि आपण समजतो की बाग झाली. पण तो कायदा असेही सांगतो की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठराविक मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत तर ते आरक्षण आपोआप उठते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्यायाचेच आहे. त्याची जमीन जन्मभर अडकवून ठेवावयाची आणि मोबदला द्यावयाचा नाही, हे कोणता न्याय? दोष त्या कलमाचा नव्हे, दहा वर्षे झोपलेल्या गावाचा आहे. सेर्दाच्या बागा झिजावयास शंभर वर्षे लागली. आपल्या बागेला दहा पुरतात.

म्हणून माझी विनंती फार लहान आहे. नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती आणि सूचना देण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला असतो. पुष्कळदा आपण तो फक्त आपल्या घरावर रेघ आली तरच वापरतो. यापुढे आपल्या वॉर्डाचा नकाशा एकदा तरी नगरपालिकेत जाऊन पाहा. त्यातील बागेची, शाळेची, मैदानाची जागा कोठे आहे ते टिपून घ्या. मग एखाद्या रविवारी घरातील मुलांना बरोबर घेऊन त्या जागेपर्यंत चालत जा, आणि ती जमीन आज कोणाच्या ताब्यात आहे हे विचारा. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही, पासपोर्ट लागत नाही. एक वही आणि मजबूत चपला पुरतात.